टोमोग्राफीत सोन्याचे गोल कण खोलीच्या दिशेने ताणलेले का दिसतात?

ज्या सूक्ष्मदर्शकाखाली अणूंच्या रांगा स्वच्छ दिसतात, त्यावरच केलेल्या इलेक्ट्रॉन टोमोग्राफीत (नमुना वेगवेगळ्या कोनांत कलवून घेतलेल्या प्रतिमांवरून त्याची त्रिमितीय रचना उभी करण्याच्या पद्धतीत) सोन्याचे गोल कण अंड्यासारखे लांबट का होतात आणि प्रतिमांची संख्या वाढवल्यास हा दोष जाईल का, असे आपण विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: नमुना कलवण्याची मर्यादा तीच ठेवली, तर प्रतिमांची संख्या वाढवून विभेदन (किती बारीक तपशील वेगळा ओळखता येतो ते) काहीसे सुधारेल, लांबटपणा मात्र जाणार नाही.

प्रतिमांच्या संख्येचा हिशेब क्राउथर, डीरोझियर आणि क्लूग यांनी १९७० मध्ये मांडला. नमुन्याच्या जाडीला लागोपाठच्या दोन प्रतिमांमधील कोनाने (रेडियनमध्ये) गुणले की अपेक्षित विभेदन मिळते; १०० नॅनोमीटर जाडीला दोन-दोन अंशांनी प्रतिमा घेतल्यास ते सुमारे ३.५ नॅनोमीटर येते, एकेका अंशाने घेतल्यास त्याच्या निम्मे. पण या हिशेबात नमुना पूर्ण १८० अंशांत फिरला असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात नमुना धरणाऱ्या होल्डरच्या कडा आणि तो ज्या जाळीवर ठेवतात त्या ग्रिडच्या पट्ट्या इलेक्ट्रॉनांच्या शलाकेच्या आड येतात, शिवाय नमुन्याचा पातळ काप जसजसा कलतो तसतशी इलेक्ट्रॉनांची त्यातली वाट लांबत जाते, ६० अंशांवर दुप्पट आणि ७० अंशांवर जवळजवळ तिप्पट. म्हणून बहुतेक जण ±६० ते ±७० अंशांवर थांबतात. त्यापलीकडची माहिती नोंदलीच जात नाही आणि फूरिये अवकाशात (प्रतिमेतील माहिती दिशा आणि बारकाव्यानुसार मांडणाऱ्या गणिती अवकाशात) पाचरीच्या आकाराची पोकळी राहते. हाच तो मिसिंग वेज. त्याच्यामुळे खोलीच्या दिशेला ±६० अंशांच्या मालिकेत सुमारे १.५५ पट आणि ±७० च्या मालिकेत सुमारे १.३ पट ताण येतो.

आपल्या पुनर्रचनेचा उभा छेद उघडून एखादा कण मोठा करून पाहा. त्याच्या वर-खाली फुलीसारखे पट्टे फाकलेले दिसतील आणि त्यांचा कोन आपण जिथे कलवणे थांबवले, त्या कोनाशी जुळेल. पट्टे असे जुळले, तर दोष संरेखनाचा (प्रतिमा एकमेकींशी नीट जुळवण्याचा) नसून पाचरीचा आहे.

शक्य असल्यास आयनशलाकेने नमुन्याची सुई कोरून ती पूर्ण फिरणाऱ्या होल्डरवर बसवावी. तिथे पाचर उरतच नाही. ते जमत नसेल, तर नमुना ९० अंशांत वळवून दुसरी मालिका घ्यावी, म्हणजे पोकळी पाचरीऐवजी लहान पिरॅमिडच्या आकाराची उरते. गोठवलेल्या जैविक नमुन्यात मात्र इलेक्ट्रॉनांची एकूण मात्राच मर्यादित असल्याने दुसरी मालिका सहसा परवडत नाही.

नमुना न कलवता फोकस बदलत थर टिपण्याचा सल्लाही आपल्याला मिळेल. ३०० किलोव्होल्टला ३० मिलिरेडियन अर्धकोनाने एकवटणारी शलाका वापरल्यास एकट्या अणूसाठी खोलीचे विभेदन सुमारे ४.४ नॅनोमीटर येते आणि माहितीपत्रकांत हाच आकडा झळकतो. मोठ्या वस्तूला तो लागू नाही. तिथे वस्तूची रुंदी भागिले शलाकेचा हा अर्धकोन असा हिशेब लागतो, म्हणजे १० नॅनोमीटरचा कण खोलीच्या दिशेने ३०० नॅनोमीटरहून अधिक पसरतो. आपल्या कणांसाठी ही वाट मी घेणार नाही.