माझ्यापाशी साखळी तुटते

"साखळी प्रार्थना सुरू झाली की मी मोजत बसते. सहा बायका, मग पाच, मग चार. माझा नंबर येतो आणि घसा बंद. माझ्यापाशी साखळी तुटते. माझा विश्वासच कमी आहे का हो?"

नंदुरबार जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, या ताई. साखळी प्रार्थनेत एकीनंतर एक अशी प्रत्येकीने मोठ्याने प्रार्थना करायची असते. वय तिशीच्या आत, माहेर साक्रीकडचं, बोली अहिराणी. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांचा प्रश्न मात्र जसाच्या तसा ठेवला आहे, कारण समुपदेशनात येणाऱ्या ख्रिस्ती बायका आणि तरुण मुलं तो थोड्याफार फरकाने विचारतातच. मोठ्याने प्रार्थना करता येत नाही, साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, उभं राहिलं की पाय कापतात, म्हणजे आपलं देवाशी काहीतरी बिनसलंय, असा त्यांचा हिशेब असतो.

अशा वेळी "सरावाने जमेल" असं सांगून धीर देण्याची घाई करू नये. आधी तीन गोष्टी विचाराव्यात. एकटी असताना प्रार्थना होते का? पूर्वी चारचौघांत व्हायची का? आणि बंद कधीपासून पडली? जन्मजात बुजरेपणा असेल तर तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसतं, "पहिल्यापासूनच असं" एवढंच ऐकू येतं. या ताईंकडे मात्र तारखेसकट उत्तर होतं. गेल्या दिवाळीआधी त्या बायकांच्या सभेत दोन-चार वाक्यं सहज बोलत. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या देवाशी बोलत. दिवाळीनंतर आधी सभेतलं बोलणं थांबलं, मग अंथरुणावरचंही.

मधे घडलं ते असं. दुसऱ्यांदा राहिलेला गर्भही अडीच महिन्यांत पडला. बुधवारच्या सभेत "प्रार्थनेचे विषय सांगा" म्हटल्यावर त्यांनी सांगितला, रडल्या, बायकांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. तिथपर्यंत सगळं ठीक. शुक्रवारी मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर त्यांच्या नावानिशी विषय पडला. रविवारी उपासनेनंतर दुसऱ्या गावाहून आलेल्या एका बाईंनी अंगणात सगळ्यांदेखत त्यांच्या पोटावर हात ठेवला. त्याच आठवड्यात सासूबाईंना बाजारात कोणीतरी विचारलं, आणि घरी वाक्य आलं: "घरातलं बाहेर सांगतेस."

म्हणजे घसा बंद पडला तो बोललेलं फुटलं म्हणून. त्याचा विश्वासाच्या कमी-जास्तीशी काही संबंध नव्हता.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. गटावर विषय टाकणारी बाई वाईट नव्हती. जितकी जास्त माणसं गुडघे टेकतील तितकं बरं, असं तिला मनापासून वाटत होतं. पण दुसऱ्याच्या घरातली गोष्ट पुढे सरकवताना शेवटी "प्रार्थना करा" जोडलं की ती चहाडी राहत नाही, हा समज आपल्या मंडळ्यांत फार खोल रुजलाय. त्याचं नुकसान उशिरा दिसतं. बायका सभेला येत राहतात, पण विषय पातळ होत जातात. मुलांची परीक्षा, पाऊस, प्रवासात सांभाळ. नवऱ्याची दारू, कर्ज, पडलेला गर्भ हे विषय घरीच राहतात. सभा भरलेली दिसते म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही.

पहिल्या दोन भेटींत ताईंना प्रार्थनेबद्दल काहीही शिकवलं नाही. आधी भोक बुजवायचं होतं. त्यांची परवानगी घेऊन पाळकीणबाईंशी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंच्या पत्नीशी, बोलणं झालं. पाळकांची पहिली सूचना होती की रविवारी उपासनेत ताई आणि गटावर विषय टाकणारी बाई या दोघींनी एकमेकींना क्षमा करावी, मंडळीलाही उदाहरण मिळेल. ही सूचना नाकारावी लागली. जिची गोष्ट चारचौघांत गेली तिला त्याच चारचौघांत उभं करणं म्हणजे तीच जखम पुन्हा उघडणं, आणि शंभर माणसांसमोर "क्षमा केली" याशिवाय दुसरं उत्तर देणं कुणालाही शक्य नसतं. त्याऐवजी ती बाई एका दुपारी ताईंच्या घरी गेली, सासूबाई असताना गेली, आणि "चूक माझी, तिने गटावर टाकायला सांगितलं नव्हतं" एवढं बोलली. सासूबाईंसमोर हे बोलणं सगळ्यात महत्त्वाचं होतं, कारण घरातला आरोप तिथेच फिटायचा होता.

सभेसाठी ठरलं ते थोडक्यात असं. विषय सांगणारीनेच सांगायचं की तो कुठवर जाईल: फक्त या खोलीत, पाळकांपर्यंत, की सगळ्या मंडळीत. काही न सांगितल्यास खोलीतच. गटावर टाकायचा असेल तर जिचा विषय तिनेच टाकायचा. आजाराचं नाव, तपासणीचा निकाल, पैशाचा आकडा लिहायचा नाही. ज्यांना तोंडाने सांगायचंच नाही त्यांनी घडी घातलेली चिठ्ठी ताटात ठेवायची. ती न उघडता तिच्यावर प्रार्थना करायची आणि शेवटी चुलीत टाकायची. चिठ्ठीवर मंडळीच्या एका वडील पुढाऱ्यांनी हरकत घेतली: विषय माहीत नसताना प्रार्थना कशी करणार? हरकत रास्त वाटते खरी, पण शास्त्रात तिला उत्तर आहे.

पहिल्या शमुवेलाच्या पहिल्या अध्यायातली हन्ना. मूल नाही म्हणून शिलोच्या मंदिरात रडत प्रार्थना करणारी. तेराव्या वचनात म्हटलंय की तिचे फक्त ओठ हलत होते, आवाज ऐकू येत नव्हता, आणि एली याजकाला ती दारू प्यालेली वाटली. आवाज नसलेल्या प्रार्थनेबद्दल धर्मगुरूचाही असा गैरसमज होतो. हन्ना त्याला सांगते की मी देवापुढे मन ओतत होते. पण काय मागितलं ते सांगत नाही, आणि एलीही विचारत नाही. विषय माहीत नसतानाच तो म्हणतो, देव तुझं मागणं पुरं करो. पुढच्या वचनात ती जेवते आणि तिचा चेहरा उतरलेला राहत नाही. तिचा मुलगा शमुवेल त्यानंतर जन्मतो. हा क्रम उपदेशात बहुधा गाळला जातो. हन्नाची गोष्ट "मागितलं आणि मिळालं" अशी सांगायची सवय आहे. ताईंबरोबर हा अध्याय वाचताना त्या अठराव्या वचनापाशी बराच वेळ थांबल्या.

तिसऱ्या भेटीपासून एकट्याच्या प्रार्थनेला हात घातला. रोज पाच मिनिटं, सकाळच्या भाकरी झाल्यावर, चुलीजवळच. वेळ मुद्दाम लहान. अर्धा तास ठरवला की तिसऱ्या दिवशी मोडतो आणि अपराधीपणाची भर पडते. सुरुवातीला प्रार्थना वहीत लिहायला सांगितली, आणि ते फसलं. आठवड्याने वही आली त्यात "हे परमपवित्र, सर्वसमर्थ, दयासागर पित्या" असं पानभर होतं. सगळी व्यासपीठावरची भाषा. त्यांचं एकही वाक्य नव्हतं. वही बंद करून विचारलं, आईला फोनवर कसं बोलता? "अहिराणीत." मग देवाला? यावर त्या हसल्या, म्हणाल्या, अहिराणीत प्रार्थना चालते?

चालते. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यामागचा त्यांचा आग्रहच हा होता की साध्या बाईला समजेल अशा भाषेत ते असावं. खानदेशातल्या मंडळ्यांत मात्र प्रमाण मराठी हीच देवाची भाषा होऊन बसली आहे. अहिराणी किंवा मावची, कोकणी या इथल्या आदिवासी बोली बोलणाऱ्या बायका मनातल्या मनात आधी भाषांतर करतात आणि मग प्रार्थना. निम्मा दम तिथेच जातो. ताईंची पहिली खरी प्रार्थना दोन वाक्यांची होती: "देवबाप, माले भ्याव वाटस. तू मन्हा जोडे ऱ्हाय." म्हणजे, मला भीती वाटते, तू माझ्याजवळ राहा.

जोडीला तेरावं स्तोत्र दिलं. सहाच वचनं आहेत, आणि सुरुवातीलाच चार वेळा "किती वेळ" विचारलंय. देवाकडे तक्रार करणं म्हणजे अविश्वास, असं ज्यांना शिकवलं गेलंय त्यांना हे स्तोत्र औषधासारखं लागू पडतं. हात कामात असतील तर आणखी बरं. जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात, तसं भांडी घासताना, मिरच्यांचे देठ खुडताना शब्द सुटे होतात. डोळे मिटून, हात जोडून शांत बसलं की काहींना उलट धाप लागते. त्यांना तसं बसवू नये.

सभेत परतायला सात-आठ आठवडे गेले. साखळी प्रार्थनेची मोडतोड कुठे होते ते पाहण्यासारखं आहे. बारा बायका आणि पंधरा मिनिटं असतील तर प्रत्येकीला एक मिनिटाहून थोडं जास्त. प्रत्यक्षात पहिल्या दोघी दहा मिनिटं घेतात, आणि उरलेल्यांना वाटतं की एवढं लांब आणि एवढं सुंदर बोलता आलं पाहिजे. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात फार बोलल्याने ऐकलं जाईल असं समजू नका, असं येशू म्हणतो आणि लगेच जी प्रार्थना शिकवतो ती अर्ध्या मिनिटात म्हणून होते. म्हणून इथे सुरुवात करणारीनेच एका वाक्यात संपवायचं, असं ठरवलं. बोलायचं नसेल तर शेजारणीचा हात दाबायचा, साखळी पुढे जाते. आणि ताईंना तिसऱ्या जागेवर बसायला सांगितलं. घाबरणारी माणसं शेवटची जागा शोधतात, पण वाट बघण्यातच छातीचे ठोके वाढतात. शेवटची जागा सगळ्यात वाईट.

पहिल्या बुधवारी त्यांनी हात दाबला. दुसऱ्याही. तिसऱ्या बुधवारी एक वाक्य आलं, अर्धं मराठी, अर्धं अहिराणी.

साक्षीचा प्रश्न यापेक्षा अवघड निघाला. पाळकांना त्यांची साक्ष हवी होती. साक्षीचा आपल्याकडे एक ठरलेला साचा आहे: पूर्वी अंधार, मग प्रार्थना, आता आनंद. ज्याची गोष्ट अजून तिसऱ्या पायरीवर आलेलीच नाही त्याने काय सांगायचं? एकतर गप्प बसायचं, नाहीतर खोटं बोलायचं. योहानाच्या नवव्या अध्यायातला आंधळा मात्र जेवढं ठाऊक तेवढंच सांगतो: तो पापी आहे की नाही ते मला माहीत नाही, मी आंधळा होतो आणि आता बघतो. ताईंना व्यासपीठावर न जाण्याची मोकळीक पाळकांकडून मागून घेतली, आणि ती मिळाली.

विश्वास सांगण्याची वेळ नंतर दुसरीकडेच आली. हिवाळ्यात नंदुरबारच्या आसपास मिरचीच्या पथारी पडतात, लाल मिरची वाळत घातलेली असते आणि बायका ओळीने बसून काम करतात. तिथे शेजारच्या बाईने विचारलं, "तुमना देवनी तुले पोर दिधं नही, तरी जास का चर्चमा?" टोचून विचारलं की सहज, कोण जाणे. ताई म्हणाल्या, हो जाते, तिथे मला रडता येतं. त्या बाईने पुढे आणखी दोन प्रश्न विचारले.

पेत्राच्या पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायात सांगितलंय की तुमच्या आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण ते सौम्यतेने द्या. यातला "विचारणाऱ्याला" हा शब्द महत्त्वाचा. विचारलं तेवढंच सांगावं, दोन मिनिटांत संपवावं, आपल्यापुरतं सांगावं, नंतर तिचं ऐकावं. दुसऱ्याच्या देवाबद्दल एक शब्दही काढू नये. मूल होईल, आजार जाईल, नोकरी लागेल असा शब्द कधीही देऊ नये. तो शब्द खोटा पडला की ती बाई दुहेरी दुखावते, आणि धर्मांतरासाठी आमिष दाखवल्याचा आरोप व्हायला तेवढं पुरतं. घटनेच्या २५व्या कलमात धर्म पाळण्याचं आणि सांगण्याचं स्वातंत्र्य आहे, पण सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच म्हटलंय की सांगण्याच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. आजूबाजूचं वातावरण बघता हे मंडळीतल्या तरुणांना तर नीट समजावून द्यावं.

दवाखान्याचा भाग प्रार्थनेच्या आड येऊ दिला नाही. पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपाताचं सगळ्यात मोठं कारण गर्भाच्या गुणसूत्रांतला बिघाड असतं. बाईच्या पापाचा, शापाचा किंवा कमी विश्वासाचा त्यात काही भाग नसतो. हे डॉक्टरांच्या तोंडून नवऱ्यानेही ऐकावं म्हणून दोघांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. दोनदा असं झाल्यावर थायरॉईड, साखर, गर्भाशयाची सोनोग्राफी, रक्त गोठण्याशी संबंधित तपासण्या करून घेतात. उपास-प्रार्थनेच्या दिवशी त्या डॉक्टरांची गोळी चुकवत होत्या, तेही तेव्हाच कळलं आणि थांबलं.

झोप उडणं, जेवण सुटणं, कशातच मन न लागणं हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, किंवा जगणं नको असं वाटू लागलं, तर ते फक्त प्रार्थनेच्या सभेवर सोपवू नये. मानसोपचार डॉक्टरांना दाखवावं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. ताईंची रडारड होती, पण झोप आणि भूक टिकून होती, म्हणून इथे बोलण्यावर भागलं.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. चार महिन्यांनी गटावर दुसऱ्याच कुणाच्या ऑपरेशनचा विषय नावासकट फिरला, नियम असूनही. ताई गटातून बाहेर पडल्या. काही बायकांना ते आवडलं नाही, "थंड पडली" असं त्या म्हणतात. बुधवारी त्या येतात, तिसऱ्या जागेवर बसतात. कधी बोलतात, कधी शेजारणीचा हात दाबतात.