डबीतलं चूर्ण आणि बाईंचं विसरणं

"मॅडम, गोळ्या नकोत. एकदा लागल्या की सुटत नाहीत म्हणतात. आयुर्वेदिकावर भागेल ना?"

माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न आठवड्याला एकदा तरी येतोच. त्या दिवशी विचारणाऱ्या बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, वय 47. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) पर्समधून स्टीलची डबी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. अश्वगंधा चूर्ण, दीड महिन्यापासून रात्री दुधातून चमचाभर. त्याआधी ब्राह्मीच्या गोळ्या झाल्या होत्या.

दूध उतू जातं, हजेरी घेताना समोरच्या पोराचं नाव आठवत नाही. घरी सासूबाईंना विस्मरणाचा आजार, त्यांचं सगळं बाईंवरच. खरी भीती वेगळीच होती: "मलाही तेच होतंय का?"

गंमत अशी, की तीन आठवड्यांपूर्वी नणंद फोनवर काय बोलली ते त्यांनी शब्दन् शब्द सांगितलं. पहाटे 3 ला जाग, कशातच मन नाही. नैराश्याच्या 9 प्रश्नांच्या चाचणीत 27 पैकी 16 गुण आले (इथे गुण जितके जास्त, तितकं नैराश्य जास्त). मी म्हटलं, "बाई, वर्गात खिडकीबाहेर बघत बसलेल्या पोराला धडा आठवेल का? तुमचं मन सध्या खिडकीबाहेर आहे."

वनौषधींची मी टर उडवत नाही. ब्राह्मी 12 आठवडे घेतल्यावर स्मरणात थोडा फरक पडल्याचं काही चाचण्यांत दिसलंय. अश्वगंधानं ताण हलका झाल्याचंही. पण या चाचण्या लहान, आणि बऱ्याचशा निरोगी किंवा नुसत्या ताणाखालच्या माणसांवरच्या. 16 गुणांचं नैराश्य त्यावर सोडून देण्याइतका तो पुरावा नाही. शिवाय ब्राह्मी म्हणून बाजारात नीरब्राह्मीही मिळते आणि मंडूकपर्णीही; या दोन वेगळ्या वनस्पती.

"आणखी काही घेता?"

"थायरॉइडची गोळी, रोज सकाळी."

"चूर्णाचं डॉक्टरांना सांगितलंय?"

"ते काय औषध थोडंच आहे!"

इथे मी पेन खाली ठेवलं. अश्वगंधानं थायरॉइडचं संप्रेरक वाढू शकतं, आणि बाईंना महिनाभर छातीत धडधडत होतं. औषध देणं किंवा थांबवणं माझ्या हातात नाही. मी फिजिशियन आणि मानसोपचारतज्ज्ञ, दोघांच्या नावे चिठ्ठी दिली. रक्ततपासणीत टीएसएच फारच खाली, म्हणजे शरीरात थायरॉइडचं संप्रेरक जास्त झाल्याची खूण, आणि बी-12 जीवनसत्त्व कमी निघालं. चूर्ण डॉक्टरांनी थांबवलं, बी-12 ची इंजेक्शनं दिली आणि नैराश्याची गोळीही सुरू केली. तिची चटक लागत नाही, फक्त आपल्या मनानं एकदम तोडायची नसते, हे समजावायला आमचं एक अख्खं सत्र गेलं.

सगळ्यात अवघड गेलं ते मदत मागायला नणंदेला फोन करणं. तीनदा रंगीत तालीम केली, तेव्हा कुठे लावला. आता रविवारी सासूबाईंकडे नणंद बघते.

अडीच महिन्यांनी गुण 7 वर आले. हजेरीतली नावं पुन्हा घडाघडा येतात. डबी मात्र अजून फडताळात आहे. टाकवत नाही म्हणाल्या.