काचेजवळ उचललेला डॅशबोर्ड: आधी ताण काढा, मग गोंद लावा

18 वर्षांची गाडी, म्हापशात उघड्यावर उभी, पुढच्या काचेजवळ डॅशबोर्डाचं रेक्झीन उचललंय, दोनदा सुपरग्लू लावला आणि ऊन लागताच परत सुटलं. तुम्ही सांगता त्यावरून दोष गोंदाचा कमी, आखडलेल्या रेक्झीनचा जास्त दिसतो.

गादीवाल्या डॅशचे थर तीन: खाली कडक सांगाडा, मध्ये पीयू (पॉलियुरेथेन) फोम, वर पीव्हीसीचं रेक्झीन. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर असतो. उन्हात बंद गाडीचा डॅश 70 अंशांच्या घरात तापतो, प्लास्टिसायझर हळूहळू उडून जातो (काचेच्या आतल्या बाजूला बसणारा तेलकट थर बराचसा त्याचाच) आणि रेक्झीन आकसतं. कडेची पकड सगळ्यात कमी, म्हणून ते तिथून सुटतं. वर आपली दमट हवा फोमचा भुगा करते. मारुती 800 सारख्या साध्या गाड्यांत डॅश कडक प्लास्टिकचा असतो. तिथे तो उचलला असेल तर तुटलेली क्लिप किंवा सुटलेला स्क्रू शोधा, पुढचं काही लागू नाही.

आधी बोटाने दाबून बघा. रेक्झीन खाली बसून लगेच वर येत असेल तर फक्त पकड गेलीय. करकर आवाज आला तर फोम गेलाय. हेअर ड्रायरने 3-4 मिनिटं गरम करूनही कड जागेवर पोचत नसेल आणि 5-6 मिमी फट राहत असेल, तर कुठलाच गोंद ती धरून ठेवणार नाही. उचललेला भाग एका कोपऱ्यातच असेल आणि खाली तपकिरी डाग असतील तर पाणी शिरतंय. बॉनेटच्या मागच्या जाळीखाली आंब्या-फणसाची पानं साचून निचऱ्याची भोकं बुजतात, ती मोकळी करा आणि काचेचं रबर तपासा. गळती तशीच ठेवून चिकटवलेलं पहिल्या पावसात सुटेल.

खरं काम सफाईचं आहे. आजवर चमकवण्यासाठी लावलेल्या पॉलिशमधला सिलिकॉन कुठलाही गोंद धरू देत नाही. साबणपाण्याने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून पिळलेल्या फडक्याने दोन-तीनदा. पाण्याचा थेंब टाकून बघा. तो गोळा होऊन राहिला तर सिलिकॉन अजून आहे. थिनर, पेट्रोल, ॲसिटोन नको. ॲसिटोनने सुपरग्लू निघतो हे खरं, पण रेक्झीनही सुरकुततं. तुमचा जुना सुपरग्लू 120 नंबरच्या पॉलिश पेपरनेच घासून काढावा लागेल. फोमचा भुगा ब्रशने सोडवून व्हॅक्यूमने ओढून घ्या.

पोकळी राहिली तर एसीच्या डक्टवर लावतात ती काळी नायट्राइल रबर शीट मापाने कापून भरा. साधा स्पंज पाणी धरतो. फवाऱ्याचा फुगणारा फोम तर अजिबात नको, तो वाळेपर्यंत फुगत राहतो आणि डॅशवर उंचवटे येतात.

आता गोंद. फेविकॉल एसआर 998 सारखा सिंथेटिक रबरचा गोंद दोन्ही पृष्ठभागांवर पातळ लावा. फोम तो शोषून घेतो, म्हणून तिथे दुसरा हात द्या. 10-15 मिनिटं थांबा, बोट लावल्यावर तार सुटता कामा नये. ओला असताना दाबलात तर आतला सॉल्व्हंट (गोंद पातळ ठेवणारं, उडून जाणारं द्रावण) अडकतो आणि उन्हात फुगवटा येतो. गोंद सुकल्यावर रेक्झीन ड्रायरने कोमट, लवचीक करा, आणि आतून कडेकडे दाबत या. एकदा टेकलं की सरकवता येत नाही. दाबासाठी काचेला टेकवून लाकडाच्या पाचर ठोकू नका, काच तडकते. झिप पिशव्यांत किलो-किलो वाळू भरून रात्रभर ठेवा, पुढचे दोन-तीन दिवस गाडी सावलीत. काम करताना दारं उघडी आणि सिगारेट लांब. वाफा पेट घेतात.

हे सगळं डिसेंबर-जानेवारीत करा. जून ते सप्टेंबर सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ गोंदावर बसते, तो पांढुरका होतो आणि पकडच घेत नाही. पावसाळ्यात निकडच असेल तर ओलाव्यानेच वाळणारा एक-घटकी पीयू ॲडेसिव्ह वापरा. डॅशच्या मधल्या भागात फुगवटा असेल तर तिथेही तोच, सिरिंजने: रेक्झीनला एक भोक भरायला, दुसरं हवा निघायला, आणि भरायचा थोडासाच, कारण तोही जरा फुगतो. एसआरचा गोंद सिरिंजने भरणं फुकट, बंद पोकळीत तो वाळतच नाही.

प्रवाशापुढे एअरबॅग असेल तर तिच्या झाकणावर आणि शिवणीवर गोंदही नको, रेक्झीनचा नवा थरही नको. एअरबॅग उघडताना झाकण ठरलेल्या रेषेवर फाटलंच पाहिजे. त्या भागाचं काम अधिकृत वर्कशॉपलाच द्या.

फट मोठी असेल तर डॅश उतरवून नवीन रेक्झीन चढवणं हाच मार्ग. कुशनवाल्याला चारही बाजूंनी ताणणारं रेक्झीन मागा, आणि डॅश गाडीतच ठेवून करतो म्हणाला तर दुसरा बघा. काचेखालची कड, जिथून सगळं सुटतं, तिथे त्याचा हातच पोचणार नाही. पुढची काच तशीही बदलायची असेल तर दोन्ही कामं एकाच वेळी काढा, काच नसताना ती कड पूर्ण मोकळी मिळते.