ख्रिस्ती घरात मुलाचं कौतुक किती करावं? आईवडिलांच्या पसंतीची मुलांना एवढी गरज का असते?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा दहावीत आहे, चाचणीचे पेपर दप्तरातच दडवतो आणि साधी चादर घडी केली तरी "आई, बरोबर केलं ना?" विचारतो. कौतुक केलं तर गर्व चढेल, असं तुमच्या यजमानांचं म्हणणं. त्यांची काळजी खरी आहे, पण बायबलचा कल मला वेगळा दिसतो.

मत्तय ३:१७ सावकाश वाचा. येशू बाप्तिस्मा घेऊन यार्देन नदीतून वर येतो आणि आकाशातून देवाची वाणी होते: "हा माझा पुत्र, मला परमप्रिय आहे, ह्याच्याविषयी मी संतुष्ट आहे." तेव्हा तो सुमारे ३० वर्षांचा (लूक ३:२३). मत्तयाने तोवर त्याचा एकही चमत्कार, एकही प्रवचन सांगितलेलं नाही. म्हणजे ही पसंती निकालाच्या आधीची आहे. त्यात तीन गोष्टी आहेत: तू माझा आहेस, तू मला आवडतोस, तुझ्यामुळे मला आनंद होतो. आपल्याकडे तिसरी हमखास राहून जाते. फी भरतो, क्लास लावतो, डबा देतो, त्यातून त्याला सगळं कळत असेल असं आपण धरून चालतो. देवाने मात्र ते मोठ्याने सांगितलं.

आणि लगेच पुढच्या अध्यायात, ४० दिवसांच्या उपासानंतर, सैतान तोंड उघडतो ते "तू देवाचा पुत्र असलास तर" असं म्हणत. घाव नेमका त्या वाक्यावर. तुमच्या मुलावर तो क्लासच्या रँक लिस्टमध्ये, बिल्डिंगच्या जिन्यात, मोबाइलच्या ग्रुपवर रोज पडतो. घरून ते वाक्य मिळालं नाही, तर मूल ते बाहेर मागत फिरतं. एसाव पाहा: चाळिशी उलटलेला शिकारी गडी, पण बापाचा आशीर्वाद हुकला म्हणून हंबरडा फोडून रडतो (उत्पत्ती २७).

यजमानांचं एक बरोबर आहे. "तू सगळ्यांत हुशार" असल्या कौतुकाने मूल खरंच बिघडतं, कारण त्यात दुसऱ्याला खाली ढकललेलं असतं. याकोबाने आपल्या मुलांपैकी योसेफाला एकट्यालाच खास झगा दिला आणि भावांच्या तोंडून त्याच्याशी धड शब्द निघेना. धाकटी बहीण असेल तर हे विशेष सांभाळा.

आता पेपर. हातात आला की वरच्या कोपऱ्यातल्या मार्कांवर बोट ठेवू नका. आधी जमलेलं एक उदाहरण शोधा आणि नेमकं बोला: "या प्रमेयात प्रत्येक पायरीचं कारण लिहिलंयस, ते मला आवडलं." तिथेच थांबा. "पण" जोडलात की पुढचं तेवढंच त्याच्या लक्षात राहतं. चुका जेवणानंतर, वही घेऊन, शेजारी बसून. खोटं कौतुकही नको. पंधरा वर्षांच्या मुलाला ते लगेच कळतं आणि मग खरंही खोटं वाटायला लागतं.

दडवलेल्या पेपरबद्दल स्पष्ट बोला: "लपवलंस ते मला चालणार नाही. दर शनिवारी पेपर दाखवायचे. आणि तू माझाच आहेस." लूक १५ मधल्या, घर सोडून सगळं उधळून परत आलेल्या धाकट्या मुलाने "मला मोलकऱ्यासारखं ठेवा" हे वाक्य पाठ करून आणलं होतं, बापाने ते पुरं होऊच दिलं नाही, झगा मागवला. मुलाला घरी परत घ्यायला बापाने अट घातली नव्हती.

गोवेकर आणि मुंबई-वसईकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर मुलं मोठ्यांकडे बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागतात. तुमच्याकडे ही रीत नसेल तरी रात्री डोक्यावर हात, त्याचं नाव आणि एक वाक्य, एवढं करा. दहा सेकंद लागतात. बाबांना विरार लोकलने यायला उशीर होत असेल तर सकाळी दारात, खांद्यावर हात ठेवून. सुरुवातीला तो खांदा झटकेल, "आज काय झालंय तुम्हाला?" म्हणेल. दोन-तीन आठवडे तरी सोडू नका. बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला जात असाल तर त्याच्यादेखत फक्त मार्क मागू नका. देवही टक्केवारीवरच खूश होतो असं त्याला वाटेल.

झोप उडाली, जेवण तुटलं किंवा "मी नसलेलाच बरा" असं तो बोलला, तर प्रार्थनेबरोबर समुपदेशकही हवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत.

कलस्सै ३:२१ मात्र यजमानांना वाचायला द्या. "मुलांना चिरडीस आणू नका, नाहीतर ती खिन्न होतील" हे तिथे बापांना उद्देशून आहे. त्यांना स्वतःच्या वडिलांकडून कौतुकाचं असं काही कधी ऐकायला मिळालं नसेल, तर तोंडाने बोलणं जड जाईल. मग चिठ्ठी चालेल, कंपासपेटीत ठेवायची: "काल आजीला हात धरून जिना उतरवलास ते पाहिलं. बरं वाटलं. बाबा."