बॉस्टनला शेवंडं धरायला परमिट मिळेल का?

मित्रा, तू विचारलंयस की पुढच्या वर्षी बायको आणि मुलाला घेऊन बॉस्टनला चाललोय, मालवणात बाबांबरोबर शेवंडं धरायचो, तिकडे हौसेखातर लॉबस्टर, म्हणजे तिकडची शेवंडं, धरता येतील का. येतील. फी, फॉर्म सगळं सरकारी साइटवर आहे, ते सोडतो. मॅसॅच्युसेट्सचा रहिवासी झालास की परमिट काढ, एकाच घरात राहणाऱ्या कुटुंबीयांची नावं त्यावर टाकता येतात, १० ट्रॅप (पाण्यात सोडायचे पिंजरे), दिवसाला १५ लॉबस्टर, आणि विकायचा एकही नाही. ट्रॅपला वरच्या तरंगत्या बोयाशी जोडणारा दोर १,७०० पौंडाच्या ताणाला तुटणारा लागतो, राइट व्हेल जातीचा देवमासा अडकला तर सुटावा म्हणून, आणि थंडीत ट्रॅप बाहेर काढून ठेवायचे.

गेज, म्हणजे लॉबस्टर मोजायची पट्टी, हातात बसायला मात्र वेळ लागतो. डोळ्याच्या खोबणीपासून पाठीच्या कवचाच्या शेवटापर्यंत मोजायचं, बॉस्टनच्या बाजूला सव्वातीन इंचाला जरा कमी भरला की परत पाण्यात. पोटाला अंडी असलेली मादी लगेच सोडायची, आणि शेपटीच्या पाकळीला व्ही आकाराची खाच दिसली तरी सोडायची, कारण आधी कोणाला तरी ती अंड्यांसकट मिळालेली असते आणि त्याने खूण करून सोडलेली असते. हे माझ्या बाबांना फोनवर सांगितलं तर ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "आमी कधी सोडूक नाय रे."

एकटेपणाचं विचारलंस. होतो, कामाला लागलं की जातो.

मला छळतं ते वेगळंच. मुलगी पहिलीत असताना शाळेत आजोबा काय करतात त्याचं चित्र काढायचं होतं. तिने होडी काढली, माझे बाबा काढले आणि त्यांच्या हातात शेवंड, जाड लांब मिशांचं, नांग्या नसलेलं, अगदी बरोब्बर. टीचरनी लिहिलं, लॉबस्टरला नांग्या असतात, पूर्ण कर. पोरगी रडत घरी आली. आणि मी, आयुष्यभर शेवंड बघितलेला माणूस, तिला म्हटलं, काढ बाई दोन नांग्या, कशाला वाद. नवीन नोकरी, नवीन शाळा, मला कुणाच्या डोळ्यावर यायचं नव्हतं. एक चिठ्ठी लिहायला हवी होती रे, दोन ओळींची.

तुझ्या मुलाच्या दप्तरात शेवंडाचा एक फोटो ठेव. ते चित्र अजून माझ्या कपाटात आहे, नांग्यांना जागा करायला तिने खोडलेल्या मिशा कागदावर अजून दिसतात.