वॉशिंग मशीनचं पाणी कधी जातं, कधी जात नाही? बोर्ड बदलण्याआधी पाइप भिंतीतून बाहेर काढा

“सकाळची पहिली खेप व्यवस्थित होते, लगेच दुसरी लावली की मशीन पाणी भरून तशीच उभी राहते.” तुमचं हे वाक्य वाचलं आणि २०२१ चा माझा अख्खा पावसाळा आठवला. तुमची सात वर्षांची फ्रंट लोड वॉशिंग मशीन, फिल्टर दोनदा साफ केलेला, आणि आता सर्व्हिसवाल्याने बोर्ड, म्हणजे मशीन चालवणारी इलेक्ट्रॉनिक पाटी, गेलाय म्हणून साडेआठ हजार सांगितलेत. एवढंच करा, आज त्याला हो म्हणू नका.

फिल्टर, पाइपला पडलेली घडी, पंपाच्या पंख्यात अडकलेली पिन हे सगळं बघून झालंय असं धरून चालते. मला अडकवलं ते यातलं काहीच नव्हतं. पहिली खेप होते आणि दुसरी अडते, यातच सगळं आहे. बोर्डाला पहिली खेप कुठली नि दुसरी कुठली हे कळत नाही. (तापल्यावर दगा देणारे बोर्ड असतात, नाही असं नाही. मी इलेक्ट्रिशियन नाही, माझं काम बँकेतलं. पण हे आधी तपासायला पैसे लागत नाहीत.)

आमची मशीन ड्राय बाल्कनीत. तिचा करडा पाइप भिंतीतल्या दीड इंची पीव्हीसी पाइपात सोडलेला. त्या फटीतून रात्री झुरळं यायची. सासूबाईंना झुरळ म्हणजे धरणीकंप, म्हणून मी एका रविवारी एम-सील मळून ती फट सगळीकडून लिंपून टाकली. वर बोट ओलं करून गुळगुळीतही केली. सांगायला लाज वाटते, पण या एका उद्योगाने माझे चौदा हजार घालवले.

कसे, ते सांगते. वरच्या मजल्यावर टाइल्सचं काम निघालं होतं. आमची भिंतीतली लाइन हळूहळू तुंबत होती. फट मोकळी असती तर पाणी तिथूनच उलटं बाहेर आलं असतं, बाल्कनी भरली असती आणि पहिल्याच दिवशी प्लंबरला बोलावलं असतं. पण मी तोंड बंद केलं होतं ना. पाणी बाहेर येईना, हवाही जाईना. आणि मशीनचा पंप म्हणजे काही विहिरीवरचा नव्हे. तीस-पस्तीस वॅटचा जीव तो, मीटरभर पाणी वर चढवणं एवढंच त्याचं काम. पुढे बूच असेल तर तो नुसता घुमत बसतो. ठरलेल्या वेळात पाणी गेलं नाही की मशीन एरर दाखवते. एलजीवर ओई, सॅमसंगवर ५सी किंवा ५ई, कंपनीगणिक अक्षरं वेगळी. त्यांचा अर्थ ‘पाणी गेलं नाही’ एवढाच. पंप जळला किंवा बोर्ड गेला असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. रात्रभरात लाइन झिरपून रिकामी व्हायची, म्हणून सकाळची खेप निभायची.

आता सर्व्हिस सेंटर. कुठलं ते लिहीत नाही, मशीनची कंपनीही नाही, कारण मला वाद नकोत. पहिला मुलगा आला, मशीनला कान लावला आणि म्हणाला, पंप. २,३०० रुपये. बदलल्यावर तीन-चार लिटर पाणी घेऊन चाचणी दाखवली, पाणी गेलं. जाणारच, तेवढं भिंतीतल्या पाइपात मावत होतं! ‘ओटीपी सांगा मॅडम.’ सांगितला. तक्रार बंद. तिसऱ्या दिवशी येरे माझ्या मागल्या. फोन केला तर ही नवी तक्रार, व्हिजिट चार्ज पुन्हा. तीन व्हिजिटा झाल्या, मग बोर्ड, आणि जुना बोर्ड ‘कंपनीला पाठवावा लागतो’ म्हणून घेऊन गेले. तरी तेच. शेवटी फोनवरच्या बाईंनी अगदी गोड आवाजात सुचवलं की मशीन जुनी झाली आहे, एक्स्चेंज ऑफर बघा.

बघितली. जुनी मशीन घेणारा माणूस आला, तर एम-सीलमुळे पाइप भिंतीतून निघेना. त्याने सुरीने कापला. दर ठरवण्याआधी चालू करून दाखवा म्हणाला, म्हणून कापलेलं टोक नहाणीत धरलं. अडकलेलं सगळं पाणी दोन मिनिटांत भस्सकन गेलं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, “ताई, मशीन तर चांगलीय की. विकताय कशाला?”

तर तुम्ही एवढंच करा. पाइप भिंतीतून काढा, टोक मोठ्या टबात सोडा, साधारण भिंतीतल्या तोंडाइतक्याच उंचीवर हाताने घट्ट धरा (धार जोरात येते, पाइप उडतो) आणि नुसतं ड्रेन किंवा स्पिन लावा. दहा-बारा लिटर पाणी सहज निघतं, तेव्हा दोन बादल्या जवळ असू द्या आणि दुसऱ्या कुणाला तरी बटणापाशी उभं करा. गरम पाण्याचं सायकल असेल तर आधी निवू द्या. धार जोरात आली तर दोष भिंतीत आहे, प्लंबर बोलवा. धार बारीक किंवा नाहीच, तर दोष मशीनमध्ये. मग नुसता घुमण्याचा आवाज येतो का ऐका. येत असेल तर पंखा अडकलाय, किंवा ड्रम आणि पंप यांच्यामधल्या काळ्या रबरी नळीत मोजा बसलाय. तो फिल्टरमधून दिसत नाही. आवाजच नसेल तर पंप किंवा त्याची वायर, आणि मग कुठे बोर्डाचं नाव. पंखा हाताने फिरवून बघणार असाल तर आधी प्लग काढा. तो अडखळत, झटक्याने फिरतो. आतल्या चुंबकामुळे तसाच फिरतो, त्याला बिघाड समजू नका.

टॉप लोड असलेल्यांनी हे वाचून गोंधळू नये. त्यातल्या बऱ्याच मशिनांना पंपच नसतो, खालची झडप उघडते आणि पाणी उताराने जातं. तिथे पाइप जमिनीलगतच हवा, उचलून सिंकमध्ये टाकला की संपलं, पाणी जाणारच नाही.

आमच्या लाइनीत प्लंबरने तुंबलेलं ओढून काढायची लांब तारेची स्प्रिंग मारली तेव्हा जे निघालं ते अजून डोळ्यांसमोर आहे. करड्या नमद्यासारखा वीतभर लांब गोळा, कपड्यांचा तंतू, केस, न विरघळलेली पावडर, आणि मधे पांढऱ्या सिमेंटचे खडे. पावडर माझी, सिमेंट वरच्यांचं. आमच्याकडे बोअरचं पाणी, त्यात फेस होत नाही म्हणून मी चमचा वाढवत गेले होते. तसं करू नका, जड पाण्यात फेस दिसेपर्यंत पावडर वाढवत जाणं हा उपाय नाही. आणि लाइन मोकळी करायला ॲसिड ओतायचं असेल तर मशीनचा पाइप काढूनच, त्याच्यासकट नाही.

झुरळांसाठी फट लिंपू नका. आम्ही आता पाइपाभोवती जाळीचा तुकडा सैल गुंडाळलाय, हवा खेळते. खरा उपाय खाली पाणी धरणारा ट्रॅप बसवणं हा, पण त्यासाठी भिंत फोडावी लागते आणि घरात त्यावर एकमत नाही.

सर्व्हिसवाला पुन्हा आलाच तर ओटीपी दोन पूर्ण खेपा झाल्याशिवाय देऊ नका. तो घाई करेल, ‘पुढचा कॉल आहे’ म्हणेल, म्हणू दे. बदललेला भाग बिलावर नाव-नंबरासकट लिहून घ्या आणि जुना परत मागा.

दोष भिंतीतल्या सामाईक लाइनीत निघाला तर तो खर्च सोसायटीचा की तुमचा यावर वाद होणार. आमच्याकडे झाला. अर्ज लेखी द्या, पोचही घ्या आणि प्लंबरने काढलेल्या गोळ्याचा फोटो जोडा. मी तोंडी सांगितलं होतं. सेक्रेटरी म्हणाले, पुढच्या मीटिंगला घेऊ. त्यानंतर तीन मीटिंगा झाल्या.