नाटोतले सगळेच देश ‘मल्टि-डोमेन ऑपरेशन्स’ म्हणतात, मग त्यांच्या पद्धतीत फरक काय?

कागदावर फरक फारसा दिसणार नाही. जमीन, समुद्र आणि आकाश यांच्या जोडीला नाटोने २०१६ मध्ये सायबर आणि २०१९ मध्ये अवकाश ही क्षेत्रं मान्य केली, आणि पाचही क्षेत्रांतल्या कारवायांचा मेळ घालायचा हे सर्वांना कबूल आहे. माझ्या मते हे देश वेगळे पडतात ते हुकूम कोण देतो आणि त्याआधी कोणाची परवानगी लागते, या बाबतीत.

अमेरिकेच्या भूदलाचा विचार रणांगणातून आला आहे. रशिया-चीनची लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं आणि हवाई संरक्षण भेदायचं कसं, हा त्यांचा मूळ प्रश्न. त्यासाठी त्यांनी खास टास्क फोर्स उभारले, त्यांपैकी एकाचं मुख्यालय जर्मनीत वीसबाडेनला आहे. ब्रिटनने २०२० मध्ये मांडलेली कल्पना जास्त पसरट आहे. तीत सैन्याबरोबर इतर सरकारी खाती आणि मित्रदेशही येतात.

पण खरी कसोटी पाहायची असेल तर २०११ ची लिबियातली, गद्दाफीच्या सैन्याविरुद्धची हवाई मोहीम बघा. फ्रान्समध्ये सैन्य धाडण्याचा निर्णय राष्ट्राध्यक्षांचा असतो. संसदेला तीन दिवसांत कळवायचं, आणि मोहीम चार महिन्यांपलीकडे गेली तरच तिची मंजुरी घ्यायची. त्यामुळे १९ मार्चला पहिले हल्ले फ्रेंच विमानांनीच केले. जर्मनीत सशस्त्र मोहिमेला संसदेची आधी संमती लागते, आणि लिबियात उतरायचं नाही असं तिथल्या सरकारने ठरवलं होतं. नाटोची अ‍ॅवॅक्स ही टेहळणी विमानं सामाईक मालकीची, त्यांचा तळ जर्मनीतच गाइलनकिर्शनला, आणि त्यांत अनेक देशांचे सैनिक एकत्र बसतात. तरीही जर्मनीने लिबियाच्या मोहिमेतून आपले सैनिक काढून घेतले. मित्रांवरचा भार हलका व्हावा म्हणून मग त्यांना अफगाणिस्तानवरच्या अ‍ॅवॅक्ससाठी दिलं. विमान एकच, रडार एकच, पण आतल्या माणसाने काम करायचं की नाही हे त्याच्या राजधानीत ठरलं! कितीही चांगलं सॉफ्टवेअर आणलं तरी ही अडचण सुटत नाही.

दुसरी अडचण माहितीची. अफगाणिस्तानातल्या नाटोच्या मोहिमेत बरीच वर्षं देशागणिक संगणक-जाळं वेगळं होतं. शेजारच्या तुकडीला ठाऊक असलेला धोका आपल्या पडद्यावर दिसेलच याची खात्री नव्हती, आणि तिथे त्याची किंमत जिवाने मोजावी लागते. २०१० मध्ये सामाईक जाळं सुरू झालं, त्यातूनच पुढे नाटोची आजची जाळी जोडण्याची पद्धत आली. तुम्ही या देशांची तुलना करणार असाल तर जाहीर धोरणांआधी त्यांचे संसदेचे नियम आणि गोपनीयतेचे नियम वाचा.